'एफडी मोडा नाहीतर बुडाल' वाल्या फॉरवर्डचं एकेक वाक्य घेऊन बघू

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला, मग तोच भावकीच्या ग्रुपवर, मग कारखान्यातल्या कामगारांच्या ग्रुपवर, आणि शेवटी आत्याने मलाच पाठवला "हे बघ रे, खरं हाय का?" म्हणून. वर लाल अक्षरात 'रिझर्व्ह बँकेचा धोक्याचा इशारा', खाली सहा मुद्दे, आणि एकदम शेवटी एक मोबाईल नंबर. त्या नंबरावर नंतर येतो.

मी काही सीए नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन-तीन टॉवेल कारखान्यांचे जमाखर्च लिहितो, त्यामुळे बँकेच्या काउंटरवर दिवसाआड उभा असतो एवढंच. पण आत्या खरंच एफडी मोडायला निघाली होती, फॉर्म पण भरला होता, म्हणून बसून हे लिहितोय.

पहिलं वाक्य असं होतं: "रिझर्व्ह बँकेने रेपो रेट 5.25 वर आणला, म्हणजे बँकांकडे पैसा संपलाय, तरी हप्ता कमी करत नाहीत, लुटतात." एका वाक्यात तीन गोष्टी कोंबल्यात. रेपो रेट म्हणजे काय, तर बँकेला एक-दोन दिवसापुरते पैसे कमी पडले की ती सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून उचल घेते, त्या उचलीवरचं व्याज. आपण अडचणीला सोनं ठेवून पैसे घेतो ना, तसंच. हा दर फेब्रुवारी 2023 पासून दोन वर्षं 6.50 होता, 2025 मध्ये चार वेळा कमी करत डिसेंबरात 5.25 वर आणला. तो ठरवते सहा जणांची पतधोरण समिती, आणि कमी करतात तो महागाई आटोक्यात दिसली की धंद्याला कर्ज स्वस्त पडावं म्हणून. बँकेचा गल्ला रिकामा झाला म्हणून नाही.

आता हप्त्याचं. ऑक्टोबर 2019 पासून व्यापारी बँकांनी दिलेली नवी फ्लोटिंग (दर बदलत राहणारी) घरकर्जं बाहेरच्या, म्हणजे बँकेने स्वतः न ठरवलेल्या, दराला जोडावी लागतात, बहुतेकांनी रेपोलाच जोडलीत, आणि निदान तीन महिन्यातून एकदा दर बदलावा लागतो. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज येणार नाही. आणि दर कमी झाला तरी बऱ्याच बँका हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, लोकांना वाटतं काहीच झालं नाही. हिशोब करून बघा, 20 लाखाचं कर्ज 20 वर्षांसाठी साडेआठ टक्क्याने घेतलं तर हप्ता 17,356 बसतो, सव्वासात टक्के झालं तर 15,808, नाहीतर हप्ता तोच ठेवला तर साधारण साडेतीन वर्षं आधीच कर्ज फिटतं. कर्ज जुनं असेल आणि एमसीएलआर नाहीतर बेस रेटवर, म्हणजे बँक स्वतःच ठरवते त्या दरावर, असेल तर मात्र ते फार हळू हलतं, तिथे बँकेत जाऊन अर्ज द्यावा लागतो, थोडी फी घेऊन बदलून देतात. सहकारी बँकेचं कर्ज असेल तर मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते काढून वाचा, ते पत्र कपाटात साड्यांच्या खाली असतं सगळ्यांचं.

दुसरं: "महागाई 0.25 टक्क्यावर आली म्हणतात, मग डाळ-तेल स्वस्त का नाही? आकडे खोटे." हा मुद्दा मला लोकांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि चिडणं पण बरोबर आहे, फक्त शब्दाचा घोळ आहे. ऑक्टोबर 2025 चा किरकोळ महागाई दर खरंच 0.25 टक्के होता. पण तो 'दर' आहे, 'भाव' नाही.

सोलापूरकराला हे उजनी धरणावरून लगेच कळेल बघा. पावसाळ्यात आपण रोज सकाळी दोन आकडे बघतो, दौंडवरून आवक किती आणि धरण किती टक्के. आवक एकदम कमी झाली म्हणून धरण रिकामं होतं का? जिथे भरलंय तिथेच राहतं, नुसतं वर चढायचं थांबतं. महागाई दर ही आवक आहे आणि किराणाचं बिल हा साठा. समजा तूरडाळ दोन वर्षात 100 वरून 150 ला गेली आणि नंतर वर्षभर 150 वरच बसली, तर यंदाची महागाई शून्य, आणि तुमच्या खिशातून जाणारे 50 रुपये जास्तीचे ते जातातच. आकडा पण खरा आणि तुमची तक्रार पण खरी. भाव खाली यायचे तर दर मायनसमध्ये जावा लागतो. त्या ऑक्टोबरात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा दर तसा मायनस 5 च्या आसपास होता पण, कारण आदल्या वर्षी भाजीपाला भडकलेला आणि तुलना त्याच्याशी. हे काही दरवर्षी होत नाही. रिझर्व्ह बँकेला ठरवून दिलेलं टार्गेटच 4 टक्के आहे, दोन इकडे दोन तिकडे. म्हणजे भाव दरवर्षी थोडे वाढणार हे धरूनच सगळं चालतं, भाव खाली आणणं हे त्यांचं काम म्हणून कुणी सांगितलेलंच नाही.

आणि 0.25 हा देशाचा सरासरी आकडा आहे. ज्याच्या घरी दवाखाना आणि शाळेची फी चालू आहे त्याची महागाई वेगळी, ज्याच्या घरी दोन म्हातारी माणसं भाकरी आणि शेंगाचटणीवर राहतात त्याची वेगळी.

तिसरं वाक्य, ज्याच्यामुळे आत्या हादरली: "पासबुकवर शिक्का बघा, फक्त 5 लाख तुमचे, बाकी सरकार जमा करणार, कायदा पास झालाय."

आत्याचं पासबुक मी हातात घेऊन बघितलं. आतल्या पानावर निळ्या शाईचा पुसट शिक्का, अर्धा फोटोवर गेलेला, त्यात डीआयसीजीसी आणि पाच लाख एवढंच वाचता येत होतं. मधलं वाक्य शाईत बुडालेलं, आणि नेमकं तेच महत्त्वाचं. ही डीआयसीजीसी म्हणजे ठेवींचा विमा उतरवणारी रिझर्व्ह बँकेची उपकंपनी. बँक बंदच पडली तर ती एका बँकेत एका ठेवीदाराला 5 लाखापर्यंत देते. याचा प्रीमियम बँक भरते, तुमच्याकडून घेत नाही. आधी ही मर्यादा 1 लाख होती, 1993 पासून, 4 फेब्रुवारी 2020 ला 5 लाख झाली. म्हणजे शिक्क्याचा अर्थ 'इतकेच तुमचे' असा नाही, 'काहीही झालं तरी इतके तर मिळणारच' असा आहे. वरचे पैसे सरकार जमा होत नाहीत, बँकेची मालमत्ता विकून जे येईल त्यातून मिळायची आशा राहते. मात्र वेळ लागतो आणि सगळे मिळतील याची खात्री नाही, हेही सांगतो, उगाच गोड बोलून काय उपयोग.

'कायदा पास झालाय' हे कुठून आलं तेही आठवतंय. ऑगस्ट 2017 मध्ये एफआरडीआय नावाचं विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात 'बेल-इन' नावाचं कलम होतं, म्हणजे बुडणारी बँक वाचवायला बँकेला पैसे दिलेल्यांच्याच पैशाला कात्री लावायची. लई बोंबाबोंब झाली आणि ऑगस्ट 2018 मध्ये ते मागे घेतलं. भीती तेव्हा बरोबर होती. पण मेसेज तोच, दरवर्षी नवीन तारीख टाकून फिरतोय.

यात बारीक गोष्टी आहेत त्या ध्यानात ठेवा. 5 लाखात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं. एकाच बँकेच्या नवी पेठ शाखेत तीन आणि होटगी रोड शाखेत तीन ठेवले तर ते सहाच धरतात, शाखा बदलून फायदा नाही. पण आत्याच्या एकटीच्या नावावरचं खातं आणि आत्या-मामांचं जॉइंट खातं हे वेगवेगळं धरतात, दोन्हीला पाच-पाच. आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर बँकेवर पैसे काढायची बंदी आली तर विम्याचे पैसे 90 दिवसात द्यायचे असा नियम आहे. आपल्याकडे हे काही पुस्तकातलं नाही, सप्टेंबर 2022 मध्ये सोलापूरच्याच लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेचं लायसन्स रद्द झालं होतं, तेव्हा हा 5 लाखाचा आकडा गल्लीतल्या पोरासोरांना पण पाठ झालेला.

आता खरी काळजी करायची जागा सांगतो. पतसंस्था! पतसंस्था म्हणजे बँक नाही. ती सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेची देखरेख तिच्यावर नाही आणि हा 5 लाखाचा विमा तिथे एक रुपयाचा पण नाही. अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेला आहे, पतसंस्थेला नाही. काउंटर सारखंच, पासबुक सारखंच, कॅलेंडर तर जास्त भारी देतात, म्हणून लोकांना फरक कळत नाही. चांगल्या पतसंस्था आहेत, आमचे यंत्रमागवाले कितीतरी त्यांच्यावरच उभे राहिले, पण पैसे ठेवताना एवढं माहिती असलं पाहिजे. गंमत अशी की मेसेज बँकेला घाबरवतो आणि ह्याबद्दल एक अक्षर नाही.

चौथं: "सीआरआर 4 वरून 3 केला, म्हणजे तुमच्या 100 रुपयातले 3 च शिल्लक." अरे बाबा नाही. सीआरआर म्हणजे 100 च्या ठेवीतल्या तेवढ्या 3 रुपयाला फक्त रिझर्व्ह बँकेकडे बिनव्याजी पडून राहावं लागतं. आणखी 18 रुपये सरकारी रोखे वगैरेत ठेवावे लागतात, त्याला एसएलआर म्हणतात. उरलेले बहुतेक कर्जाला जातात, तिथून व्याज येतं म्हणून तर तुम्हाला व्याज मिळतं. पैसे तिजोरीत नाहीत हे खरंच आहे, कधीच नव्हते.

पाचवं: "रिझर्व्ह बँकेने नोटा छापून सरकारला 2.69 लाख कोटी दिले." आकडा बरोबर, कारण चूक. 2024-25 चा तो सरप्लस होता, म्हणजे परकीय चलन, रोखे यातून झालेल्या कमाईतला खर्च आणि राखीव बाजूला काढून उरलेला. मालक सरकार आहे, 1949 पासून, म्हणून सरकारला गेला. एवढा द्यावा का यावर भांडायचं तर खुशाल भांडा, पण छापखाना त्यात नाही.

सहावं: "बड्या लोकांची लाखो कोटींची कर्जं राइट ऑफ केली म्हणजे माफ केली." इथे दुकानदार लोकांना विचारा. पाडव्याला नवी वही घालताना जुनी उधारी, जी चार वर्षं येईना, ती नव्या वहीत ओढत नाहीत, वेगळ्या बुडीत पानावर टाकतात. म्हणून तो गिऱ्हाईक समोरून गेला तर मालक हाक मारत नाही का? चौकात मारतो! बँकेचं तसंच, 90 दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत, त्यासाठी नफ्यातून तरतूद करत जायची, पूर्ण तरतूद झाली की ताळेबंदातून काढायचं. कोर्ट, तारण, जप्ती चालूच राहतं. माफी म्हणजे पानच फाडणं, ते वेगळं. आता बुडीत पानावरची किती वसुली येते हे विचाराल तर फार नाही येत, आणि हा राग मी मेसेजवाल्याला पण माफ करतो.

आता तो शेवटचा नंबर. वर लिहिलं होतं, "बँकेतून पैसे काढून सुरक्षित योजनेत ठेवा, महिन्याला 4 टक्के." मी लावला. एक पोरगा बोलला, आवाज गोड, "सर किती अमाउंट आहे?" मी म्हणलं अमाउंट सांगतो, आधी नोंदणी कुणाकडे आहे ते सांग, रिझर्व्ह बँक, सेबी, कोण? "सर कंपनी रजिस्टर आहे." कंपनी तर भेळेच्या गाडीची पण रजिस्टर होते म्हणलं, ठेवी घ्यायची परवानगी कुणाची? 2019 च्या कायद्याने परवानगीशिवाय ठेव योजना चालवायला बंदी आहे माहितेय का? तो म्हणला सर आमच्या सीनियरशी बोला, आणि लाइन होल्डवर टाकली, वर गाणं. महिन्याला 4 टक्के म्हणजे व्याजावर व्याज धरून वर्षाला 60 टक्के होतात, होल्डवर असताना मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर काढलं. सीनियर आलाच नाही.

आत्याची एफडी साडेसहा लाखाची होती, एकाच बँकेत, एकटीच्या नावावर, मुदत संपायला अजून चार महिने. मोडली असती तर दंडाचा एक टक्का गेला असता. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म परत दिला, आत्याने घडी घालून पर्समध्ये ठेवला. चार महिन्यांनी त्यातले दोन लाख दुसऱ्या बँकेत टाकायचे ठरलंय. ग्रुपवर मी हे सगळं टाकलं तर एका काकांनी अंगठा दाखवला आणि तासाभराने तोच मेसेज परत पाठवला, ह्या वेळेस हिरव्या अक्षरात.