‘इतकी वर्षं औषध नव्हतं, मग आताच कशाला?’

क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल हा रक्ताचा कॅन्सर, झालेल्यांच्या घरांत व्हॉट्सअ‍ॅपवरून एक मजकूर फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हा संथ कॅन्सर, याला औषध लागतच नाही. वर्षानुवर्षं नुसतं रक्त तपासणारे डॉक्टर एक दिवस ‘उपचार सुरू करू’ म्हणाले, तर तो पैशाचा खेळ समजा. केमो टाळा, पपईच्या पानांचा रस आणि गव्हांकुर द्या. आणि नवरा-बायकोपैकी जो धडधाकट आहे त्याने दुसऱ्याला काही कळू न देता हसतमुख राहावं.

माझ्या बायकोला सीएलएल आहे. बरीच वर्षं नुसती देखरेख होती, मग उपचार सुरू करावे लागले, आणि नेमक्या त्याच दिवसांत हा मजकूर आमच्या नातेवाइकांनी पाठवला. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण यावर विसंबून कुणी महिने घालवले तर ते परत मिळत नाहीत.

‘औषध लागतच नाही’ हे काही रुग्णांपुरतं खरं आहे. त्यांना आयुष्यात कधीच उपचार लागत नाहीत. पण थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. त्रास नसताना क्लोरॅम्ब्युसिल ही जुनी केमोची गोळी लवकर देऊन आयुष्य वाढतं का, हे फ्रान्समध्ये तपासलं गेलं. वाढत नाही, असा निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाला. पुढे इब्रुटिनिबसारखी नवी गोळी सुरुवातीच्या टप्प्यात देऊन पाहिली, तेव्हाही आजार बळावणं लांबलं पण आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. म्हणून डॉक्टर थांबतात.

पण एक दिवस असा येतो की ते थांबत नाहीत. कधी सुरू करायचं याचे जगभर मान्य असलेले निकष आहेत. हिमोग्लोबिन १० च्या खाली जाणं, प्लेटलेट एक लाखाच्या खाली जाणं, प्लीहा किंवा मानेतल्या-काखेतल्या गाठी फार वाढणं, लिम्फोसाइट (या आजारात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सहा महिन्यांच्या आत दुप्पट होणं. सहा महिन्यांत दहा टक्के वजन आपोआप उतरणं, संसर्ग नसताना दोन आठवडे ताप, महिनाभर रात्री कपडे भिजवणारा घाम, रोजची कामं होऊ न देणारा थकवा, हेही त्यात येतात. नुसता पांढऱ्या पेशींचा मोठा आकडा त्यात येत नाही, मग तो लाखाच्या वर का असेना. तेव्हा जे आपल्याला अचानक वाटतं ते बहुतेक वेळा जुन्या रिपोर्टांत हळूहळू उतरत आलेलं असतं. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका वहीत उतरवा. बायकांच्या बाबतीत जास्त लक्ष लागतं, कारण थकवा घरकामावर ढकलला जातो आणि रात्रीचा घाम पाळी जाण्याच्या वयावर. बाई स्वतःही तेच सांगते.

‘पैशाचा खेळ’. खर्चाची भीती खोटी नाही, नव्या गोळ्या महाग आहेत. पण संशयाने घरी बसण्यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा: कोणत्या निकषामुळे सुरू करताय? १७पी आणि टीपी५३ ची, म्हणजे आजारी पेशींतल्या जनुकीय दोषाची, तपासणी झाली का? हा दोष असेल तर जुनी केमो नीट चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न उपचाराआधीचाच. सीएलएलमध्ये दुसरं मत घ्यायला बहुधा थोडे दिवस मिळतात. परळचं टाटा मेमोरियल त्यासाठी आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं आणि काय नाही, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा.

‘केमो टाळा’ हा सल्ला तर शिळा झाला आहे. अमेरिकेत सीएलएलसाठी इब्रुटिनिबला २०१४ साली आणि व्हेनेटोक्लॅक्सला २०१६ साली मान्यता मिळाली, आणि आता अनेकांचा पहिला उपचार केमो नसतोच. या गोळ्यांचं काम मात्र घरच्यांनी समजून घ्यायला हवं. इब्रुटिनिबच्या गटातली गोळी सुरू झाली की गाठींतल्या पेशी रक्तात उतरतात आणि पांढऱ्या पेशी आधी वाढतात. तो रिपोर्ट पाहून घाबरून गोळी बंद करू नका. व्हेनेटोक्लॅक्स २० मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्याने ४०० पर्यंत नेतात, कारण पेशी एकदम फुटल्या तर पोटॅशियम आणि यूरिक अ‍ॅसिड वाढून मूत्रपिंडं धोक्यात येतात. त्या दिवसांत भरपूर पाणी आणि ठरलेल्या वेळी रक्ततपासणी यांत सवलत नाही. पाण्याची बाटली मोजत बसणं हे जोडीदाराचं खरं काम आहे.

पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या गप्पांतून इथे आला. सीएलएलमध्ये प्लेटलेट कमी होतात त्या अस्थिमज्जा आजारी पेशींनी भरल्यामुळे, नाहीतर शरीराचीच प्रतिकारशक्ती प्लेटलेट मारू लागल्यामुळे. पानांचा रस त्यावर उपाय नाही, आणि प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला न शिजवलेल्या रसातून संसर्ग होऊ शकतो. फळांतही एक सांभाळा: ग्रेपफ्रूट आणि त्याच्या जातीतलं आपलं पपनस या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. गणपतीत घराघरांत पपनस सोललं जातं, तेव्हा तिच्या ताटात ते जाऊ देऊ नका.

शेवटचा मुद्दा, काही कळू न देता हसतमुख राहण्याचा, मला सगळ्यात जास्त खुपतो. आजार तिचा आहे, रिपोर्ट तिचे आहेत, निर्णयही तिचाच. लपवाछपवी केली की तीही लपवू लागते. अंगात कणकण असली तरी क्रोसिन घेऊन ओट्याशी उभी राहते. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर त्याच वेळी डॉक्टरांना फोन व्हायला हवा, रात्र असली तरी. अंगावर एका बाजूला जळजळणारे फोड दिसले तरी तसंच, ती नागीण असू शकते. हे दोन्ही तिने न घाबरता सांगायला हवं असेल तर घरात खरं बोलायची सवय लागते. मलाही भीती वाटते, आणि ती मी तिला सांगतो. स्वयंपाक आता मी करतो. आणि ज्या नातेवाइकांना काही करावंसं वाटतं त्यांना मी एवढंच सांगतो: सर्दी-खोकला असेल तर भेटायला येऊ नका, आणि रक्ततपासणीच्या दिवशी आमच्या मुलांना शाळेतून घरी आणा.