अठरा वर्षांचा आवाज

टोइंगवाल्यांनी माझी स्कूटर उचलली याचं मला दुःख नाही. ‘नो पार्किंग’च्या पाटीला जवळजवळ टेकवूनच लावली होती, पुण्यात जन्म काढलेल्या माणसाने त्याबद्दल गळा काढू नये. दुःख दुसरंच आहे आणि ते आता नागपूरपर्यंत पोचलंय.

नागपूरहून मेहुणीचा मुलगा आलाय, चिन्मय. वय तेरा. त्याला पुण्यात एकच गोष्ट बघायची होती, म्हणजे ऐकायची: शनिवारवाड्यातलं नारायणरावाचं भूत. “पौर्णिमेला ओरडते म्हणतात ना काका?” परवा नेमकी पौर्णिमा. बायको म्हणाली, “जा घेऊन, तेवढंच पोरगं मोबाइलमधून डोकं वर काढेल.” वाडा संध्याकाळी बंद होतो, म्हणून रात्री आठला आम्ही दिल्ली दरवाजासमोरच्या पटांगणात, येताना बांधून घेतलेली भेळ खात उभे.

तिथे ते गृहस्थ होते. पायभर खिसे असलेली पँट, कानांवर हेडफोन, हातात काठीच्या टोकाला मोबाइल आणि त्यावर पायमोज्यासारखं काहीतरी केसाळ. आमच्याकडे न बघताच म्हणाले, “काका, जरा लांब उभे राहा. तुमची भेळ रेकॉर्ड होतीये.”

भेळेचं सोडा. मला काका म्हणणाऱ्याला टक्कल होतं. पूर्ण, चकचकीत, चांदण्यात उजळून निघालेलं. या शहरात माणूस बरीच वर्षं ‘दादा’ असतो आणि मग एके दिवशी, भाजीच्या गाडीवर, कसलीही पूर्वसूचना न देता काका होतो. भाजीवाल्या मुलीने म्हटलं ते मी गिळलं. सोसायटीच्या वॉचमनने म्हटलं तेही गिळलं, कारण मीही त्याला काकाच म्हणतो. रिक्षावाला काका, पेपरवाला काका, कुलूप दुरुस्त करणारा काका. त्या बिचाऱ्या नारायणरावाने आज खरंच हाक मारली, तर शिवाजी रस्त्यावरचे पाचशे पुरुष एकदम वळतील आणि म्हणतील, “काय रे, पत्ता हवाय का?” वाचवणार एकही नाही. पण माझ्याहून कमी केसांच्या माणसाने मला काका म्हणावं?

तेव्हा मी त्यांना छळायचं ठरवलं.

“नारायणरावाचा खून 30 ऑगस्ट 1773 ला झाला,” मी म्हटलं. “भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. पौर्णिमा नव्हे, अमावास्या तर नव्हेच.”

“बरोबर.”

“आणि भर दुपारी झाला.”

“बरोबर.”

“मग तो दुपारी का नाही ओरडत?”

“दुपारी पुण्यात कोण ऐकतं, काका?”

यावर मला काही सुचलं नाही. चिन्मय खुसूखुसू हसला. मी दुसरा डाव टाकला. “1828 च्या आगीत वाडा आठवडाभर जळत होता. तट, दरवाजे आणि जोती सोडली तर आत उरलंय काय? मग तो धावतो कुठून कुठे?”

“जुन्या नकाशाप्रमाणे,” गृहस्थ शांतपणे म्हणाले. “त्यांना आग लागल्याचं कोण कळवणार?”

चिन्मयने विचारलं, “पण काका, त्याला वाचवायला खरंच कुणी आलं नाही का?”

आता हा प्रश्न मला आवडला. म्हटलं, आला होता. गारदी पगार थकल्याची ओरड करत वाड्यात घुसले, पुढे सुमेरसिंग. अठरा वर्षांचा पेशवा धावत जाऊन रघुनाथरावाला, सख्ख्या काकाला, मिठी मारून बसला. काकाने सोडवलं नाही. पण चाफाजी टिळेकर नावाचा एक सेवक धन्याच्या अंगावर आडवा पडला आणि त्याच्याबरोबर तोही कापला गेला.

“मग त्याचं भूत?”

“कोण टिळेकर?” हेडफोनवाले म्हणाले.

इथे मला खरंच राग आला. आनंदीबाईने ‘ध’चा ‘मा’ केला ही दंतकथा नागपूरच्या तेरा वर्षांच्या पोराला पाठ. मारायचं नव्हतं, नुसतं धरायचं होतं, एवढं म्हटलं की काका सुटला. पुतण्याला धरायचा कट तरी कुणाचा होता? रघुनाथरावाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणं सोडून गेले, त्यांच्यासाठी कुणी पौर्णिमेला माइक घेऊन उभं राहत नाही. आणि चाफाजी तर काही ओरडलाच नाही. हाकेला धावून आला आणि मेला. त्याचं काय रेकॉर्ड करणार? हे सगळं मी बऱ्याच मोठ्याने बोलत असणार, कारण गृहस्थांनी ओठांवर बोट ठेवलं. “काका, प्लीज. हीच वेळ असते.”

आणि त्याच वेळेला चिन्मय किंचाळला, “काका, आपली गाडी!”

टोइंगच्या ट्रकवर, इतर चार-पाच पाप्यांच्या गर्दीत, माझी स्कूटर चढत होती. मी धावलो. हातात भेळ, एका पायातली चप्पल मागे. “अहो काका! काका! थांबा! काका, एवढ्या वेळेला वाचवा! पीयूसी आहे हो!” ज्याला काका म्हणत होतो तो ट्रकवरचा पोरगा जेमतेम बावीसचा असेल. गरजवंताला अक्कल नसते, तसं समोरच्याचं वयही दिसत नाही. ट्रक गेला.

धापा टाकत परत आलो तर गृहस्थ डोळे मिटून उभे. चेहऱ्यावर काकडआरतीला असतात तसे भाव.

“मिळाला,” ते पुटपुटले. “अकरा सेकंद.”

त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. हॉर्न, खरखर आणि मग लांबून, भयाण, “काका... काका... वाचवा...”

“हा मी आहे,” मी म्हटलं.

“पहिल्यांदा ऐकलं की प्रत्येकाला असंच वाटतं.”

“अहो, माझी स्कूटर आत्ता उचलली!”

“काका, नीट ऐका. हा आवाज अठरा-एकोणीसच्या मुलाचा आहे. तुमचा केवढा जड आहे! याचा घसा थोडा बसलाय, पण अडीचशे वर्षं ओरडल्यावर कुणाचाही बसेल.”

“शेवटी ‘पीयूसी आहे हो’ ऐकू येतंय ना?”

त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा ऐकलं. अंगावर काटा आल्यासारखे हात चोळले. “‘पेशवा आहे हो.’ मोडी भाषेत असे उच्चार यायचे.”

“मोडी ही लिपी आहे. भाषा नाही.”

“वाद नको, काका. तुमचं वय झालंय, तुम्हाला वरच्या पट्टीतलं ऐकू येत नसेल.”

माझं वय सत्तेचाळीस आहे. चिन्मय साक्षीदार होता, पण तो जमिनीवर बसून पोट धरून हसत होता. चप्पल मात्र त्यानेच शोधून आणली, तेवढं कबूल करायला हवं.

आम्ही रिक्षाने घरी आलो. दुसऱ्या दिवशी ती अकरा सेकंदं नागपूरला पोचली, तिथून बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर, तिथून आमच्या आईकडे. चिन्मयचं तोंड बंद ठेवायला रोज एक मस्तानी पडते, आंब्याची, वर आइस्क्रीमचा जादा गोळा. त्याची सुट्टी अजून दहा दिवस आहे.

काल संध्याकाळी आईने मला बोलावून शेजारी बसवलं आणि मोबाइल कानाशी धरला. “ऐक रे. कसा केविलवाणा ओरडतोय बघ. कुणाच्या पोटचं पोर!” तिने माझ्या आवाजाला हात जोडले.

मी गप्प राहिलो. खरं सांगितलं असतं तर स्कूटर कुठे आहे तेही सांगावं लागलं असतं, आणि स्कूटर तिच्या नावावर आहे.