आठ लाखांचं घर म्हणजे ‘सामान्य’ घर नव्हे

बारावीचा निकाल लागला की माझ्या टेबलापुढे रांग लागते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्ती असे अर्ज मी भरून देतो. परवा रांगेतल्या एका काकांनी कागद बाजूला ठेवले आणि मोबाईल पुढे केला. "हे खरंय का हो?" त्यांच्या भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज होता. माझ्याकडेही तो तीन ठिकाणांहून आला आहे. मजकूर असा:

"भारताचं दरडोई उत्पन्न 2 लाखांच्या वर गेलं. म्हणजे चौघांच्या सामान्य कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाख. तुमच्या घरात महिन्याला 67 हजार येत नसतील, तर तुम्ही निम्म्या देशाच्या मागे आहात. सरकारसुद्धा 8 लाखांच्या आतल्यांना दुर्बलच म्हणतं."

काकांचा आवाज उतरलेला होता. आपण संसार नीट केला नाही, असं त्यांना त्या चार ओळींनी वाटायला लावलं होतं. म्हणून या चार ओळींना उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

पहिली ओळ खरी आहे. 2024-25 चं दरडोई उत्पन्न चालू किमतींना 2 लाखांच्या थोडं वर आहे. महाराष्ट्राचं तर 3 लाखांच्या आसपास. पण हा आकडा घरोघरी विचारून काढलेला नसतो. देशाचं निव्वळ उत्पन्न घ्यायचं आणि लोकसंख्येनं भागायचं, तान्ही बाळं धरून. कंपन्यांनी न वाटता स्वतःकडे ठेवलेला नफाही त्यात आला. तो नफा कुणाच्या घरखर्चाला येत नाही. त्यामुळे "गुणिले चार" केलं की घराचं उत्पन्न मिळतं, हा हिशोब इथेच चुकतो.

मोठी चूक ‘सामान्य’ या शब्दात आहे. एका वाडीत पाच घरं आहेत असं धरा. महिन्याची मिळकत 10, 12, 14 आणि 18 हजार, आणि पाचवं घर खडी क्रशरवाल्याचं, 96 हजार. बेरीज दीड लाख, सरासरी 30 हजार. पाचातली चार घरं सरासरीच्या खाली! घरं चढत्या क्रमानं लावली तर बरोबर मधलं घर 14 हजारांचं. शाळेच्या गणितात याला मध्यक म्हणायचो. निम्मा देश कुठे आहे हे मध्यक सांगतो, सरासरी नाही. मेसेज लिहिणाऱ्यानं सरासरी घेतली आणि वाक्य मध्यकाचं लिहिलं.

आणि आपल्या देशाची वाडी अशीच आहे. विषमतेचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ थॉमस पिकेटी आणि सहकाऱ्यांनी 2024 मध्ये पाहण्या, आयकराची माहिती आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे जोडून 2022-23 चा अंदाज मांडला. प्रौढ माणसाचं सरासरी उत्पन्न वर्षाला सुमारे 2 लाख 35 हजार, आणि मधल्या माणसाचं सुमारे 1 लाख 5 हजार. निम्म्याहूनही कमी! ‘सरासरी’ गाठायला तुम्हाला जवळजवळ वरच्या दहा टक्क्यांच्या उंबऱ्यापर्यंत जावं लागतं. त्याच अंदाजानुसार वरच्या एक टक्क्याकडे देशाच्या उत्पन्नाचा 22.6 टक्के वाटा जातो. सरासरी वर ओढली जाते ती इथे.

आता "67 हजार नसतील तर मागे" ही ओळ. त्या काकांचंच घर घेऊ, त्यांच्या परवानगीनं. माणसं पाच. थोरला एमआयडीसीत, हातात 16 हजार. एक गाय. डेअरीचं दहा दिवसांचं बिल 2,800 च्या आसपास, म्हणजे महिन्याला 8,400. त्यातून पेंड-चारा आणि डॉक्टर वजा जाता राहतात 3,400. उसाचे सगळा खर्च जाऊन वर्षाला 60 हजार, म्हणजे महिन्याला 5 हजार. एकूण 24,400. मेसेजच्या हिशोबानं पाच माणसांना महिन्याला 83 हजार हवेत, म्हणून काका खचले.

पण नाबार्डच्या, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेच्या, 2021-22 च्या पाहणीत गावं आणि लहान शहरं मिळून कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 12,698 रुपये होतं. शेतकरी कुटुंबांचं 13,661. पुन्हा सांगतो, ही सरासरी आहे. मधलं घर बहुधा याच्याही खाली असणार. त्यानंतरची महागाई धरून आकडा वाढवला तरी काकांचं घर त्याच्या बरंच वर राहतं. त्याआधी 2018-19 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीनं शेतकरी कुटुंबाचं मासिक उत्पन्न 10,218 काढलं होतं, महाराष्ट्रात 11,492. देशाच्या त्या 10,218 मध्ये मजुरी-पगाराचे 4,063 आणि पिकांचे 3,798. शेतकऱ्याच्या घरातसुद्धा पिकापेक्षा पगाराचा पैसा जास्त, हे काकांच्या घरातही तसंच आहे.

"ते गावाचं झालं, शहरात 67 हजार म्हणजे काहीच नाही," असं उत्तर मला लगेच आलं. पुण्या-मुंबईचं भाडं आणि शाळेची फी मला ठाऊक आहे, तो जाच खरा आहे. पण महाग शहरात राहणं वेगळं आणि देशात मागे असणं वेगळं. सरकारच्या 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत देशाच्या शहरी भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 6,459 रुपये होता. माणसं खर्चाच्या क्रमानं लावली तर मधल्याच्या लगतच्या दहा-दहा टक्क्यांच्या दोन गटांचा माणशी खर्च 4,963 आणि 5,662. म्हणजे मध्य साधारण 5,300, चौघांच्या घराला 21 हजारांच्या आसपास. चौघांच्या घरात महिन्याला 67 हजार खर्च होत असतील तर माणशी 16,750. शहरातल्या 90 ते 95 टक्क्यांच्या गटाचा सरासरी खर्च 12,399 होता आणि सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा 20,824. हे घर त्या दोहोंच्या मध्ये बसतं. मेसेज ज्याला ‘सामान्य’ म्हणतो, ते शहरातसुद्धा अगदी वरच्या पायऱ्यांवर आहे.

खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे, हे मान्य. वरची माणसं बचत जास्त करतात, आणि बंगल्याच्या फाटकातून पाहणीवाले सहजासहजी आत जात नाहीत. पण या दोन्ही गोष्टींमुळे सरासरी आणि मध्य यांतलं खरं अंतर आकड्यांत दिसतं त्याहून मोठंच असणार. मेसेजला त्याचा आधार मिळत नाही.

चौथी ओळ, 8 लाखांची. ओबीसी आरक्षणातलं क्रिमीलेअर आणि खुल्या गटातला आर्थिक दुर्बल घटक या दोन्ही ठिकाणी 8 लाख ही वरची मर्यादा आहे. तिच्या आत बहुसंख्य घरं येतात. मर्यादा म्हणजे मध्य नव्हे. आपल्याच राज्यात लाडकी बहीण योजनेला कुटुंबाची मर्यादा अडीच लाख ठेवली, तरी दोन कोटींहून अधिक बहिणींच्या खात्यात पैसे गेले. त्यात अपात्र निघालेल्याही आहेत, पण तो मोठा आकडा त्यानं पुसला जात नाही. केशरी शिधापत्रिकेची मर्यादा तर वर्षाला 1 लाख.

याच्या उलटा मेसेजही फिरतो: "महिना 25 हजार मिळवणारा देशातल्या वरच्या दहा टक्क्यांत." तो 2022 च्या एका अहवालातून आला. आकडे 2019-20 चे आणि एकेका कमावत्या माणसाचे. त्यावरून घराची जागा ठरवू नका.

आपली जागा काढायचीच असेल तर एका वर्षाचं सगळं लिहून काढा. पगार, दूध, ऊस, आईची शिलाई, बाहेरगावच्या मुलानं पाठवलेले पैसे. शेती-धंद्याचा खर्च वजा करा. माणसांनी भागा आणि मग त्याच वर्षाच्या, माणशी काढलेल्या, शक्यतो गाव-शहर वेगळं दाखवणाऱ्या आकड्याशी ताडा. घराची घराशी, माणशी आकड्याची माणशी आकड्याशी तुलना हवी. मेसेजमध्ये नेमकी तिथेच सरमिसळ झाली.

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयानं फेब्रुवारी 2026 पासून देशभर घरगुती उत्पन्नाची पाहणी जाहीर केली. आधीच्या चाचणीत बहुतेकांनी हे प्रश्न नाजूक वाटतात असं सांगितलं. मला नवल वाटलं नाही. काकांनीसुद्धा सगळा हिशोब कागदावर पाहिल्यावर आवाज खाली आणून विचारलं, "दुधाचं लिहायलाच पाहिजे का?" मी म्हटलं, "लिहा." त्यांनी पिशवीतून डेअरीचं पासबुक काढलं.