दादासाहेब मावळंकर ‘थेट दिल्लीत’ गेले नव्हते

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकरांबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. वकिली चालेना म्हणून ते राजकारणात आले, नेहरूंनी त्यांना थेट दिल्लीत आणून लोकसभेचं अध्यक्ष केलं, तेही बिनविरोध, आणि पुढे त्यांनी फक्त सरकारची री ओढली, असा त्याचा सूर.

वकिलीचं आधी उरकून टाकू. १९१३ पासून त्यांनी अहमदाबादेत वकिली चांगली बसवली होती. बस्स.

‘थेट दिल्लीत’ मात्र धडधडीत खोटं. आधी त्यांनी अहमदाबाद नगरपालिकेचं अध्यक्षपद सांभाळलं. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या विधानसभेचे ते अध्यक्ष झाले. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री, क. मा. मुन्शी गृहमंत्री, दोघेही कायद्यातले मुरलेले; समोर विरोधात डॉ. आंबेडकर. कामगारांच्या संपांवर बंधनं घालणारं १९३८ चं औद्योगिक कलह विधेयक याच सभागृहात गाजलं. दुसऱ्या वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कामकाज थांबलं, म्हणजे प्रत्यक्ष सराव दोन-अडीच वर्षांचाच. पण समोर अशी मंडळी असताना खुर्ची सांभाळायची म्हणजे काय, याचा अंदाज बांधा!

बिनविरोध? जानेवारी १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळाच्या (ब्रिटिश काळातल्या दिल्लीतल्या कायदेमंडळाच्या) अध्यक्षपदासाठी ते सर कावसजी जहांगीर यांच्याविरुद्ध ६६ विरुद्ध ६३ मतांनी, जेमतेम निवडून आले. १९५२ मध्ये लोकसभेतही शंकरराव मोरे यांनी त्यांच्याविरुद्ध निवडणूक लढवलीच. ३९४ विरुद्ध ५५. निकाल एकतर्फी, पण लढत झाली.

राहिला री ओढण्याचा आरोप. यात थोडं तथ्य आहे. त्यांनी काँग्रेस सोडली नाही. शिवाय मान्यताप्राप्त विरोधी पक्षासाठी एक दशांश सदस्यांची अट त्यांच्याच काळात आली. परिणामी १९६९ पर्यंत लोकसभेला अधिकृत विरोधी पक्षनेता नव्हता. हा निर्णय मलाही पटत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना हटवण्याचा ठराव आला होता, तो फेटाळला गेला. पण ऊठसूट वटहुकूम (संसदेत न मांडता सरकारने काढलेले तात्पुरते कायदे) काढणं लोकशाहीला धरून नाही, अगदी निकड असेल तरच ते समर्थनीय, हे खुद्द नेहरूंना पत्राने कळवणारे अध्यक्षही हेच. सरकारची तळी उचलणारा माणूस पंतप्रधानांना असं पत्र लिहीत नाही.