बोल्ट आट्यांत नव्हे, नळीत अडकतो : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. जुन्या पिकअपच्या पुढच्या खालच्या आर्मचे (चाकाला चेसीशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्याचे) बुश बदलताना जाम झालेले बोल्ट मी करवतीने कापून टाकले, यावर आपला मुख्य आक्षेप आहे. गॅसने तापवून इम्पॅक्ट गन (ठोके देत बोल्ट फिरवणारे यंत्र) लावली असती तर ते शाबूत निघाले असते, घाईपायी चांगला माल वाया गेला, आणि गाडी चाकांवर उभी करूनच बोल्ट शेवटचे आवळण्याचा माझा आग्रह हा निव्वळ सोपस्कार आहे, असे आपले म्हणणे आहे. त्यातल्या एका बाबतीत चूक माझीच आहे. ती पुढे ओघात येईल.

आधी बोल्ट नेमका कुठे अडकतो ते पाहू, कारण आपल्या-माझ्यातला मतभेद तिथूनच सुरू होतो. रबरी बुश म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन पोलादी नळ्या आणि त्यांच्यामध्ये दोन्हींना चिकटवलेले रबर. बाहेरची नळी आर्मच्या डोळ्यात दाबून बसवलेली असते आणि आतली नळी चेसीच्या ब्रॅकेटच्या दोन पाकळ्यांमध्ये बोल्टने आवळून धरलेली असते. आर्म वरखाली होतो तेव्हा काहीही घसरत नाही, फक्त रबर पीळ खाते. बोल्टची दांडी आणि आतली नळी यांच्यात केसभर फट असते. तिच्यात पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच मुरते. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते, त्यामुळे काही वर्षांत ती फट ठासून भरते आणि बोल्ट व नळी एकजीव होतात. आट्यांचे काहीही बिघडलेले नसते. माझ्या गाडीचा नट पहिल्याच झटक्यात सुटला होता. त्यानंतर बोल्टच्या डोक्यावर पाना लावून जोर दिला की ते जेमतेम पाव फेरा फिरायचे, आणि पाना सैल सोडला की आपोआप परत मागे यायचे. बोल्ट नळीला सोबत घेऊन फिरत होता आणि रबर त्याला माघारी ओढत होते.

अशा बोल्टवर इम्पॅक्ट गन चालवली तर तिचा प्रत्येक ठोका रबर पिऊन टाकते. घणाचेही तेच, टोकावर मारत राहिल्यास आटे चेपतात, बोल्ट मात्र जागचा हलत नाही. गंज सोडवणारे तेल मीही दोन दिवस मारत होतो, पण नळीची दोन्ही तोंडे ब्रॅकेटला घट्ट टेकलेली असतात आणि आतली फट गंजाने बुजलेली असते, तेव्हा तेल मधल्या भागापर्यंत पोहोचणार कसे?

आता तापवण्याविषयी. ज्योत बोल्टच्या डोक्यावर आणि शेपटावर लागते. मधली नळी रबराच्या आवरणात असते आणि जिथे उष्णता हवी तिथे ती सर्वांत उशिरा पोहोचते. बोल्ट आधी तापला तर तो फुगून नळीत आणखी घट्ट बसतो. गार होताना गंजाचा थर कधीकधी तडकतो हे खरे, परंतु तोवर रबराने पेट घेतलेला असतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसेच इथे रबर जळून जाते आणि बोल्टची पकड तशीच राहते. शिवाय त्या काळ्या, जीव घुसमटवणाऱ्या धुरात वाकून काम करायचे, आणि वीतभर अंतरावर ब्रेकचा रबरी पाइप असतो. ब्रेक साफ करण्याच्या काही फवाऱ्यांत क्लोरीनयुक्त द्रावक असते. तसा फवारा मारलेल्या जागी ज्योत नेली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. माल वाया गेला म्हणाल, तर बुश बदलायचाच होता आणि बोल्टच्या दांडीला गंजाने खड्डे पडले होते. असा बोल्ट शाबूत निघाला असता तरी मी तो परत लावला नसता.

मात्र आपण जाता जाता विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे: नट चेसीला वेल्ड केलेला असेल तर काय करायचे? अशा ठिकाणी नुसते कापल्यास बोल्टचा तुकडा नटात अडकून राहतो. माझ्या लेखात ‘सरळ कापा’ असे सरसकट लिहिले गेले, ही माझी चूक. तिथे आपलीच पद्धत योग्य आहे, परंतु क्रम बदलून: आधी बोल्ट कापून आर्म व बुश बाहेर काढावेत, म्हणजे जवळ रबर उरत नाही, आणि मग उघडा पडलेला नट मंद लाल होईपर्यंत तापवून उरलेला तुकडा फिरवावा. आर्म निघण्यापूर्वी त्याच्याखाली जॅक लावून स्प्रिंगचा ताण आधी उतरवणे हे मी तेव्हा लिहिले होते, तरी पुन्हा सांगतो, कारण दबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. बोल्टला कॅम वॉशर (फिरवून आर्मची जागा कमीजास्त करायची चकती) असेल तर कापण्याआधी त्याच्या जागेची खूण करावी; अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणे, नंतर करायचीच असली तरी गाडी तिथवर सरळ न्यावी लागते.

कापण्याबद्दल थोडेच सांगतो. बुशचे तोंड आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये बारीक दातांचे बायमेटल पाते घालावे आणि वेग कमी ठेवावा. या बोल्टच्या डोक्यावर बहुधा १०.९ असा आकडा असतो, म्हणजे पोलाद चिवट. वेग वाढवला की पात्याचे दात आधी जातात.

राहिला आवळण्याचा मुद्दा. चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर आतली नळी त्याच स्थितीत जखडली जाते. गाडी खाली उतरवली की आर्म वर येतो आणि गाडी नुसती उभी असतानाही रबराला कायमचा पीळ बसतो. प्रत्येक खड्ड्यात तो आणखी वाढतो. काही महिन्यांनी रबर नळीपासून सुटते आणि दोष बुश बनवणाऱ्यावर जातो. आपण वर्षानुवर्षे गाडी वर असतानाच आवळत आला आहात आणि तक्रार आलेली नाही, हे मी खोटे मानत नाही. पॉलियुरेथेनचे बुश नळीला चिकटवलेले नसतात, ते तिच्यावर ग्रीसने घसरतात, आणि त्यांना कोणत्याही स्थितीत आवळले तरी चालते. आपण बसवलेले बुश त्या प्रकारचे असतील तर आपले म्हणणे बरोबर आहे. बसवण्यापूर्वी आतली नळी बोटांनी फिरवून पाहावी. ती मोकळी फिरली तर गाडी वर असतानाच आवळायला हरकत नाही. अडून राहिली तर आधी गाडी चाकांवर उतरवावी.