पेटी, पागोळ्या आणि काळी चार

निवृत्तीनंतर कोकणात घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक चित्र असतं. पडवी असते, झोपाळा असतो, समोर माड असतात आणि नोकरीच्या काळात माळ्यावर टाकलेला छंद मांडीवर घेऊन तो स्वतः निवांत बसलेला असतो. या चित्रात पाऊस नसतो. शेजारी तर अजिबात नसतात.

डोंबिवलीतला दोन खोल्यांचा संसार उचलून आम्ही वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत आलो ते मे महिन्याच्या शेवटी. निम्मी खोकी उघडली आणि पाऊस आला. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि त्यातला बराचसा आमच्या न्हाणीघराच्या कौलातून येतो असा माझा अंदाज आहे. मीठ पाझरलं, काड्यापेटी मेली, चपलांना हिरवी लव आली. भिंतीवर फोटो लावू म्हटलं, तर जांभ्याचा चिरा खिळ्याला ‘ये’ म्हणतो आणि फ्रेम अडकवली की ‘जा’ म्हणतो. हिला बाग करायची होती. तिने गुलाबासाठी खड्डा खणला, तर शेजारच्या काकींनी त्यात परस्पर अळू लावून टाकलं. गुलाबाची भाजी होत नाही, हे त्यांचं म्हणणं खोडता आलं नाही.

माझा छंद पेटीचा. कॉलेजात असताना यमन रागापर्यंत पोचलो होतो, मग बँक लागली आणि सूर फक्त खातेदारांचे ऐकू आले. शेवटच्या खोक्यातून पेटी काढली, पडवीत मांडली, भाता उघडला. आतून उंदीर निघाला. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत गेला, की भाडेकरू मीच.

कुडाळच्या कारागिराने पेटी उघडली आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला. पितळी सूर, म्हणजे आतल्या वाजणाऱ्या पात्या, कळकले होते, स्प्रिंगा गंजल्या होत्या, भात्याच्या चामड्याची जाळी झाली होती. ‘सूर पालिताण्याचे आहेत, चांगले आहेत,’ तो म्हणाला. गुजरातेतल्या कोरड्या हवेत घडलेल्या त्या बिचाऱ्या सुरांना असा पावसाळा बघायला लागेल, हे कुणी सांगितलं नसणार. त्याने सगळं घासूनपुसून दिलं आणि सल्ला दिला, की पेटीशेजारी रात्रभर चाळीसचा बल्ब लावून ठेवा. सल्ला उत्तम. फक्त आमच्याकडे वारा ‘येऊ का?’ असं नुसतं विचारतो आणि लाइट जाते.

तेव्हा दमट हवेने लाकूड फुगलंच आणि काळी तीन, म्हणजे तिसरी काळी पट्टी, दाबली की वर येईना. मी वाजवतो काळी एकमध्ये, म्हणजे माझा सा पहिल्या काळीवर. म्हणजे भाता मारला की शुद्ध मध्यम सुरू, तो थेट लाइट येईपर्यंत. तीव्र मध्यमाच्या यमनात शुद्ध मध्यम! जाणकार म्हणेल, यमन कल्याण असेल. पण त्यात तो हळूच डोकावून जातो, असा पाहुण्यासारखा मुक्काम ठोकत नाही.

त्याच संध्याकाळी खळ्यात छत्री मिटली. भजनी मंडळाचे बुवा.

“काय ओ, पेटी वाजवतास?”

“थोडी. सवय गेली आहे.”

“बरी वाजता. ह्यो खयचो राग?”

मी यमन म्हणालो. बुवांनी मान अशी हलवली, की कोणताही असला तरी त्यांची हरकत नव्हती.

“आमचो पेटीवालो मुंबैक गेलो. सोमवारी देवळात येवा.”

माझी तयारी नाही, एक पट्टी अडकते, असं सगळं सांगून पाहिलं. ‘हात हलवित रवा,’ एवढंच उत्तर मिळालं. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही वगैरे कारणं काढून आकाशवाणीने १९४० मध्ये तिला गाण्याच्या कार्यक्रमातून हद्दपार केलं होतं आणि १९७१ पर्यंत ती बंदी राहिली. कोकणातल्या भजनी मंडळांना ही बातमी पोचली नसावी. पोचली असती, तरी बुवांनी आकाशवाणीला सोमवारी बोलावलं असतं.

बुवांची पट्टी काळी चार. त्या उंचीवर माझा आवाज तर सोडाच, विचारही पोचत नाहीत. पखवाज सुरू झाला, झांजा सुरू झाल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी काय वाजवतो हे मलासुद्धा ऐकू येत नाहीये. अडकलेला मध्यम त्या गजरात बुडून गेला. कॉलेजातल्या गुरुजींनी जे वर्षभर घोटून घेतलं, त्यातलं काहीही न वापरता मी दीड तास वाजवलं आणि मनापासून वाजवलं. वर काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. यमन शिकताना कधी उसळ मिळाल्याचं स्मरत नाही.

आता चतुर्थी तोंडावर आली, तशी घरोघर भजनं. पेटी आमच्याकडे राहातच नाही. ती कुणाच्या तरी डोक्यावर, प्लॅस्टिकच्या कागदात, वाडीभर फिरते आणि मला विचारून जात नाही. तब्येत मात्र सुधारलीय तिची. रोज वाजणाऱ्या पेटीत उंदीर राहात नाही.

हे सगळं मी निमूट सोसलं असतं. पण परवा बुवा पेटी न्यायला आले, तेव्हा मी दुसरा जुना छंद, जलरंगांचा डबा, उघडून बसलो होतो. दुपारी दिलेला आकाशाचा हात संध्याकाळपर्यंत ओला होता. बुवांनी कागदाकडे न बघता डब्याकडे बघितलं.

“रंगवतास पन? मगे आमच्या दादाच्या गणपतीच्या शाळेत येवा. माणसां कमी पडतत.”

मूर्ती रंगवायला मिळणार, म्हणून माझी छाती फुगली. गणपतीचे डोळे आखायला हात स्थिर लागतो, मी थोडा सराव करून येतो, असं नम्रपणे म्हणालो.

“डोळे दादा काढता,” बुवा पेटी उचलत म्हणाले. “तुमी उंदीर घेवा.”