निपाणीच्या नाकानं सिगार

आपल्या भागात सिगार ओढली जाते, चाखली जात नाही. बेळगावच्या फार्महाऊसवरच्या पार्ट्या घ्या, नाहीतर निपाणी-संकेश्वरकडची मोठी लग्नं घ्या. गेल्या काही वर्षांत सिगार सगळीकडे दिसायला लागली आहे. अंगठ्याएवढी जाड, सोनेरी पट्टीची. पट्टी कॅमेऱ्याकडे करून फोटो काढायचा, विडीसारखे चार झुरके छातीत ओढायचे, खोकायचं आणि उरलेली सिगार पाण्याच्या बाटलीत बुडवून टाकायची. मला हे बघवत नाही. त्या पानांवर कुणीतरी दोन-तीन वर्षं राबलेलं असतं, आणि आपण ते दहा मिनिटांत मातीत घालतो. आणि हे करणारी माणसं तंबाखूच्या मुलखातली! पान हातात घेतल्याबरोबर ते माळाचं की काळ्या रानाचं हे सांगणाऱ्यांची नातवंडं.

मी निपाणीचा, वखारीतच वाढलो. माल उतरायला लागला की गावात पाऊल टाकताच नाक झणझणायचं. आमच्याकडच्या जुन्या पारखी मंडळींना मी जवळून बघितलंय. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातला माल वर काढायचे. वरवरचा माल बघून भाव करणारा त्यांच्या लेखी व्यापारीच नव्हे. मूठभर पान नाकाशी धरायचं, तळहातावर चोळून चिकटपणा बघायचा, पानावरचे तांबूस ठिपके उजेडात धरून बघायचे, मग चिमूटभर पेटवून राख कशी पडते ते बघायचं. राख पांढरी पडली की मान हलायची. मला कच्चं पान दिलं की एक मामा म्हणायचे, "आधी वास घे रं पोरा, मग भाव बोल."

माझं म्हणणं एवढंच आहे की सिगार चाखायला जे नाक लागतं ते आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपण ते वापरत नाही, आणि पट्टीवरचं नाव वाचून चव ठरवतो.

सिगारीत तीन गोष्टी असतात. आतलं भरण, त्याला आवळून धरणारं बाइंडरचं पान आणि वरून गुंडाळलेलं रॅपर. चांगल्या सिगारीतलं भरण म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लांब पानं. त्याला लाँग फिलर म्हणतात. चुरा भरलेली सिगार भराभर जळते आणि तोंडात गरम लागते. भरणाची पानंही झाडाच्या एकाच जागेवरची नसतात. खालची पानं पातळ, चटकन पेटणारी, ती वोलादो. मधली सेको, वास मुख्यतः त्यांचा. शेंड्याकडची लिहेरो, जाड, तेलकट, सर्वांत कडक, सावकाश जळणारी. म्हणून वळणारा लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो. ज्यानं तंबाखूचा शेंडा खुडलाय, फुटवे काढलेत, त्याला हे शिकवावं लागत नाही. शेंडा मोडला की झाडाचा जोर पानात उतरतो हे क्युबातल्या पिनार देल रिओच्या शेतकऱ्याला जसं ठाऊक, तसंच चिकोडीच्याही.

फरक पडतो तो पान तोडल्यानंतर. आपला विडीचा तंबाखू उन्हात वाळतो. सिगारचं पान सावलीत वाळतं, हवेशीर कोठारात काठ्यांवर टांगून, दीड-दोन महिने. हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं तपकिरी. मग त्या पानांचे मोठे ढीग रचतात. ढिगाच्या पोटात आपोआप ऊब तयार होते, शेणखताच्या ढिगात होते तशी. आत थर्मामीटर खोचलेला असतो. उष्णता हवी त्याच्या वर चढली की अख्खा ढीग मोडायचा, आतलं पान बाहेर आणि बाहेरचं आत करून पुन्हा रचायचा. हे महिनोन्‌महिने चालतं. या काळात पानातला अमोनिया उडून जातो, कडवटपणा उतरतो, आणि जो वास आपण पुढं कौतुकानं घेतो तो तयार होतो. त्यानंतरही पान गाठोड्यांत बांधून वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त, पडून राहतं. इथं घाई केलेली सिगार लगेच ओळखू येते. जिभेच्या टोकाला चावते आणि नाकाला अमोनिया जाणवतो. वखारीत वाढलेल्या माणसाला तर पेटवायच्या आधीच कळतं.

काळपट सिगार म्हणजे कडक, हा आपल्याकडचा सर्वांत पक्का गैरसमज. मादुरो रॅपर काळं असतं कारण ते जास्त दिवस, जास्त उष्णतेत मुरवलेलं असतं. त्यातून गोडसर चव येते. कडकपणा आतल्या भरणावर ठरतो, लिहेरो किती घातलाय त्यावर. उलट फिक्या रंगाचं कनेक्टिकट रॅपर कापडी मांडवाखाली, गाळलेल्या उन्हात वाढवतात, म्हणून ते इतकं पातळ आणि मऊ. इक्वेडोरमध्ये तर मांडवही लागत नाही, ढगांचीच सावली असते.

जाडीचंही तसंच. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. रोबुस्तो नावाच्या आकाराची सिगार साधारण ५ इंच लांब आणि ५० जाडीची, म्हणजे जवळजवळ २० मिलिमीटर. त्याहून जाड सिगार सध्या फार खपतात. मला त्या पटत नाहीत. जाडी वाढली की भरण वाढतं आणि रॅपरची चव मागं पडते. ४२ जाडीच्या आसपासची, 'कोरोना' नावाच्या आकाराची सिगार मला सर्वांत प्रामाणिक वाटते.

आणि "क्युबाचीच पाहिजे" हा हट्ट सोडा. क्युबातल्या वुएल्ता आबाहो या भागाची माती थोर आहे, प्रश्नच नाही. पण क्रांतीनंतर १९६० मध्ये तिथले कारखाने सरकारनं ताब्यात घेतले, १९६२ मध्ये अमेरिकेनं व्यापारबंदी लादली, आणि पिढीजात तंबाखूवाली कुटुंबं बाहेर पडून डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वात गेली. आज निकाराग्वातल्या एस्तेलीच्या ज्वालामुखीच्या मातीतला तंबाखू मला कित्येक क्युबन सिगारींपेक्षा सरस वाटतो. शिवाय आपल्याकडे क्युबन म्हणून जे फिरतं त्यात बनावट माल भरपूर असतो. काचेच्या झाकणाची 'कोहिबा'ची पेटी कुणी दाखवली तर हात जोडा आणि उठा, कारण ती तशी कधी येतच नाही.

आता चाखण्याबद्दल.

आधी पेटवू नका. पायथ्यापासून, म्हणजे पेटवायच्या बाजूपासून, टोकापर्यंत हलक्या बोटांनी दाबत जा. कुठं खड्डा, कुठं गाठ लागते का बघा. रॅपरच्या शिरा बघा, तेलाची झाक बघा. पायथ्याचा वास घ्या. टोकाला जी टोपी चिकटवलेली असते तिचा फक्त वरचा भाग कापायचा, खांद्याच्या वर, म्हणजे सिगार जिथं गोलाकार वळायला लागते त्याच्या वर. खाली कापलं की रॅपर सुटतं. मग न पेटवता एक झुरका. या थंड झुरक्यात निम्मी ओळख होते. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पानात बसतो. ब्युटेनचा चालेल, लांब काडी चालेल, पण काडीवरचं गूल जळून जाऊ द्या. ज्योत पायथ्याला टेकवायची नाही, जरा लांब धरून सिगार फिरवत शेकायची.

आणि धूर छातीत घ्यायचा नाही. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो, सिगारचा अल्कधर्मी, त्यामुळं सिगारमधलं निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. तो धूर गिळायची गरज नाही. धूर तोंडात फिरवायचा, थोडा नाकावाटे सोडायचा. चवीचा खरा उलगडा नाकात होतो. मिनिटाला एक झुरका, जास्त नाही. घाई केली की आग तापते आणि सगळी चव कडू होते.

काय शोधायचं? परदेशी जाणकार चामडं, सेडार, कोको, मिरी, गवत अशी यादी देतात. आपली यादी आपल्या घरादारातून काढावी. मला एका निकाराग्वन सिगारीत अथणीच्या नव्या चपलेचा वास आला, पहिल्यांदा पायात घालताना येतो तो. दुसरीत काकवी, गुऱ्हाळावरची, जराशी करपलेली. कडब्याच्या गंजीचा वास तर कित्येक सिगारींत असतो. भाजलेले शेंगदाणे, ओली माती, मिरीचा ठसका, कॉफीच्या बिया. सिगारचे तीन भाग मानतात आणि प्रत्येक भागात चव बदलते. पहिल्यात मिरी, मधे गोडवा, शेवटी माती आणि कडकपणा असा प्रवास चांगल्या सिगारीत दिसतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चव देणारी सिगार महाग असली तरी मी तिला चांगली म्हणणार नाही.

सोबत काय? साधं पाणी, नाहीतर बिनसाखरेची चिकमगळूरची काळी कॉफी. दारूनं जीभ बधिर होते असं माझं स्पष्ट मत आहे. कुंदाही नको, त्यातला खवा जिभेवर थर धरतो. गुळाचा खडा मात्र जवळ असावा. निकोटिन चढून गरगरायला लागलं तर त्यानं आराम पडतो. रिकाम्या पोटी तर सिगार नकोच.

ठेवण्याची गोष्ट बेळगावकरांना जास्त समजेल. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चपलांना बुरशी येते आणि एप्रिलात ओठ फुटतात. पेटी उघडी ठेवलीत तर पावसाळ्यात सिगार फुगून बुरसते, उन्हाळ्यात रॅपर तडकतं. महागडा ह्युमिडॉर, म्हणजे आर्द्रता सांभाळणारी सिगारची पेटी, नसला तरी चालतं. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात आर्द्रता राखणारी पुडी, एवढ्यानं भागतं. आणि भुंगेऱ्यापासून सावध. वखारीतल्या पोत्यांत जो बारीक तपकिरी भुंगेरा होतो, तोच सिगारीतही होतो, जातही तीच, लासिओडर्मा सेरिकॉर्ने. उष्णता वाढली की पानातली अंडी फुटतात आणि रॅपरला टाचणीएवढी भोकं पडतात. म्हणून बरेच कारखाने माल पाठवण्याआधी सिगारी गोठवतात.

तंबाखू आपल्याकडे नवा नाही, हेही लक्षात ठेवा. असद बेग नावाचा मुघल दूत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला आला, तिथं त्याला तंबाखू दिसला, आणि तो त्यानं अकबरापुढं नेऊन ठेवला. मुघल दरबारात तंबाखू पोचला तो आपल्या शेजारच्या विजापुरातून.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हवानाच्या कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस बसवायची पद्धत आली, लेक्तोर. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी, आणि त्याचा पगार कामगार स्वतः वर्गणी काढून देत. कण्णूरच्या विडी कामगारांतही असं वाचन चालायचं. सिगार वळणाऱ्याच्या हाताचं जगभर कौतुक होतं, त्याला कारागीर म्हणतात. निपाणीत मांडीवर सूप घेऊन, टेंभुर्णीचं पान कापून, हजाराच्या हिशोबानं विड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांत तेवढंच कसब आहे. विडी बारीक पडली, दोरा ढिला बसला की छाट निघते, मजुरी जाते. तंबाखूची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते ती वेगळीच. आणि हे पान पिकवणाऱ्यांनी भावासाठी काय मोजलं? १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि माणसं मेली. हातानं वळलेल्या सिगारीचं गुणगान करणाऱ्या आपल्या गावच्या माणसानं विडीवालीची मजुरी किती आहे हे विचारलं पाहिजे. ज्याला ते विचारावंसं वाटत नाही, त्याचं कौतुक मला खोटं वाटतं.

तंबाखूनं कॅन्सर होतो, हे मी आडपडदा न ठेवता लिहितो. धूर छातीत घेतला नाही तरी तोंड, घसा आणि अन्ननलिका यांना धोका राहतोच, आणि एका मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढा तंबाखू असू शकतो. कर्नाटकात तंबाखू विकत घ्यायचं वय आता २१ आहे, आणि ते योग्यच आहे. जो ओढत नाही त्यानं माझं वाचून सुरू करू नये. घरात लहान मूल असेल तर अंगणातसुद्धा पेटवू नये. मी क्वचितच ओढतो, आणि क्वचित ओढतो म्हणूनच चव कळते. रोज ओढणाऱ्याची जीभ मरते.

जे आधीपासून ओढतात आणि आता नीट चाखायचं म्हणतात, त्यांनी कनेक्टिकट रॅपरची, डॉमिनिकन भरणाची, बारीक जाडीची सिगार घ्यावी. पोटभर जेवण झाल्यावर, तासभर मोकळा असेल तेव्हाच. मधेच विझली तर राख झटकून पुन्हा शेकून पेटवा, त्यात काही कमीपणा नाही. संपल्यावर चिरडू नका, तशीच ठेवली की आपोआप विझते आणि खोलीत घाण वासही राहत नाही. आणि पैसे वसूल करायला बोटं भाजेपर्यंत ओढू नका. शेवटच्या दोन इंचांत डांबर आणि उष्णता दोन्ही साचतात, तिथं कडवटपणाशिवाय काही हाती लागत नाही.